इलेक्शन नाही हो, इलस्ट्रेशन!

अहो, तुम्हाला म्हणून सांगते, पुढं कुणाला बोलू नका. बोललात तरी हरकत नाही म्हणा. आमच्या कोहिनूर गावात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा आता फक्त देवळामागं बांधलेला तो म्हातारा बैल राहिलाय.

आडतवाल्या अप्पांच्या धाकटीला पीयूसीला, म्हणजे आमच्याकडच्या बारावीला, ९१ टक्के पडले. तेही सायन्स घेऊन! घरात पेढ्यांचा पुडा फुटला, 'नीट'चं नाव निघालं, बिदरच्या मामांनी फोनवरच तिला डॉक्टरीण करून टाकली. आणि पोरगी भर ओसरीत, चार माणसं चहा पीत बसलेली असताना म्हणते कशी, "मला इलस्ट्रेशन करायचंय."

बसलेल्यांतल्या निम्म्यांना शब्द ऐकू आला नाही, निम्म्यांना कळला नाही. पण म्हणून गप्प बसतील ती आमची माणसं कसली? आजीनं विचारलं, "आपरेशन का गं बाई? कुठं दुखायलंय?" शेजारच्या काकूंना 'रजिस्ट्रेशन' ऐकू आलं, आणि रजिस्ट्रेशन म्हणजे रजिस्टर लग्न, म्हणून त्यांनी आधी डोळ्याला पदर लावला आणि मग नवऱ्या मुलाची जात विचारली. पारावर बातमी पोचेपर्यंत तिचं 'इलेक्शन' झालं होतं. आडतवाल्यांची पोरगी जिल्हा पंचायतीला उभी राहायलीय! रात्री एक इच्छुक उमेदवार मागच्या दारानं येऊन "आपसात बघून घेऊ की अप्पा" असं सांगून गेला. अप्पांनी त्याला चहा पाजला. करणार काय? नेमकं काय झालंय ते त्यांनाही कळलेलं नव्हतं.

माझं म्हणाल, तर बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. कुणाच्या पोराला किती मार्क पडले, कुणाच्या दाखल्यात आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, कुणाचं उत्पन्न सरकारी नाडकचेरीच्या कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे सगळं माझ्या काचेवरून जातं. तेव्हा ही चर्चा ऐकीव समजू नका. हिला माझ्या दुकानाचा शिक्का आहे.

तर त्या दिवसापासून गावात साथ आली. डेंग्यूची येते तशी. एका आठवड्यात सात पोरं दुकानात येऊन गेली आणि सातही जणांना 'डिझाइन'ला जायचंय. एकाला फक्त डोळे काढता येतात. नाक आलं की तो चित्र सोडून देतो. एकीच्या पुण्याच्या आत्यानं सांगितलंय म्हणून. दोघांना "डिझाइनला मॅथ्स नसतं मावशी" या एकाच कारणानं कलेचा पुळका आलाय. आणि एक जण आडतवाल्यांच्या धाकटीला जायचंय म्हणून जायलाय, ते त्यानं सांगितलं नाही, पण मला दिसतं.

मॅथ्स नको असलेल्या त्या दोघांना मी 'यूसीड'चा जुना पेपर छापून दिला. आयआयटी मुंबई घेते ती परीक्षा, बी.डेस.च्या प्रवेशासाठी. चौकोनी ठोकळा उलटा केला, बाजूला फिरवला, त्याला किती पृष्ठभाग उरले ते सांगा. एक चाक डावीकडं फिरलं तर पाचवं कुठं फिरेल. दोघं पेपर घेऊन गेले, अजून परत आले नाहीत. छपाईचे सहा रुपये राहिलेत.

नावांनी तर कहरच केला. महाराष्ट्राच्या माहिती पुस्तिकेत ॲप्लाइड आर्टला 'उपयोजित कला' म्हणतात. आमचे निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे उपयोगाची. मग बाकीची बिनउपयोगाची का?" मी म्हटलं, मास्तर, असं चित्रकाराच्या तोंडावर बोलू नका. बरं, पदवीचीही नावं किती! बीएफए म्हणू नका, बीव्हीए म्हणू नका, बी.डेस. म्हणू नका, बी.व्होक. म्हणू नका, वर 'सर्टिफाइड क्रिएटिव्ह प्रोफेशनल' असलं काहीतरी निराळंच. हे शेवटचं चार वर्षांचं की चार महिन्यांचं ते ब्रोशरमध्ये दुर्बीण लावली तरी सापडत नाही. बारशाला आत्या पाटीभर नावं सुचवते तसं.

गावातला या विषयावरचा पहिला तज्ज्ञ म्हणजे बसवकल्याणचा फ्लेक्सवाला. "त्यात शिकायचं काय?" तो म्हणाला. "मी काय शिकलोय? कोरलड्रॉ उघडायचं, नेत्याचा फोटो मोठा, कार्यकर्त्यांचे बारीक, मागं सूर्य उगवायलाय, खाली 'शुभेच्छुक'." मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत, दोन्ही भाषांत शुभेच्छा. या माणसाला हसू नका. दोन लिप्यांत काम करणारा ग्राफिक डिझायनर या तालुक्यात तोच होता आणि अजून आहे. फक्त मागच्या वर्षी एका वाढदिवसाच्या बोर्डावर फॉन्ट फुटला आणि 'युवा हृदयसम्राट'मधला जोडाक्षराचा अर्धा भाग शेजारच्या म्हशीच्या फोटोवर जाऊन बसला. चार दिवस तो बोर्ड तसाच होता. सम्राटांनी वाचलाच नव्हता.

सगळ्यात जास्त गहजब झाला तो मात्र "आपल्यात असलं कधी कुणी केलंय का?" यावरनं. आजीपासून आमदारांच्या पीएपर्यंत सगळ्यांचं एकच. आपल्यात! असलं! कधी!

आता हे ऐकून मला राहवेना. मी विचारलं, कलबुर्गीला डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिरात गेलाय ना तुम्ही? सगळे गेलेत. कुणी सत्काराला, कुणी नाटकाला, कुणी पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगला. मग हे पंडित कोण? काकू म्हणाल्या, "कुणीतरी गवई असतील बाई." गवई नव्हेत हो! गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेला हा माणूस मुंबईला गेला, दंडावतीमठांच्या नूतन कलामंदिरात आणि जेजेत शिकला, आणि मग करायला काय लागला? सिनेमाची पोस्टरं! एमजीएमच्या इंग्रजी सिनेमांची शोकार्डं! 'फिल्मइंडिया'ची मुखपृष्ठं! आणि कॅलेंडरं. तुमच्या आजोळी भिंतीवर राम-सीता, राधा-कृष्ण, शंकर-पार्वती टांगलेले असायचे, त्या चालीची चित्रं घराघरांत नेणाऱ्यांतलं हे मोठं नाव. देवासमोर हात जोडताना आपण एका इलस्ट्रेटरलाच हात जोडत होतो, हे ऐकून आजीनं कानांवर हात ठेवले. पुढं ते परत गुलबर्ग्याला येऊन राहिले. १९९३ साली गेले. निजामाच्या मुलखातलं पोर तेव्हा रेल्वेत बसून मुंबईला चित्र शिकायला गेलं, त्याच्या घरच्या ओसरीत काय काय बोलणी झाली असतील याचा मी कधीकधी विचार करते.

आणि आणखी मागं जायचं तर पार कल्याणच्या राजवाड्यात जावं लागतं. आपलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा. त्यानं ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. त्यात राज्यकारभार आहे, हत्ती आहेत, स्वयंपाक आहे, कांडताना बायका ओवी म्हणतात त्याचा उल्लेख आहे, आणि चित्रकलेवर चांगलं घसघशीत प्रकरण आहे. भिंत कशी तयार करायची, म्हशीचं कातडं उकळून वज्रलेप नावाचा डिंक कसा करायचा, वासराच्या कानातल्या केसांची कुंचली कशी बांधायची. चित्रांचे प्रकारही दिलेत. आरशात दिसावं तसं हुबेहूब ते विद्धचित्र, आणि भुकटीनं काढायचं ते धूलिचित्र, म्हणजे आपली रांगोळी. राजानं, अहो, गादीवर बसलेल्या राजानं हे लिहिलं, आणि त्याच्या आईनं "लोक काय म्हणतील" असं म्हटल्याची कुठंही नोंद नाही.

हेडमास्तर म्हणाले, "पण राजाला नोकरी लागायची नव्हती." हे मात्र बरोबर.

मग बिदरीचा विषय निघाला, कारण बिदरच्या मामांच्या शेजारीच बिदरीचा कारखाना आहे. २०२३ साली बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली, तेव्हा याच मामांनी व्हॉट्सॲपवर सहा फुलं टाकली होती. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर आधी नक्षी रेखायची, ती छिन्नीनं कोरायची, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि मग किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून त्यात भांडं काळं करायचं. भांडं काळंकुट्ट होतं, चांदी तशीच राहते. माती कसदार आहे का नाही ते कारागीर जिभेवर ठेवून बघतात. त्या पहिल्या रेघेला आता 'सरफेस डिझाइन' म्हणतात आणि त्याची शहरात फी आहे. मामांना म्हटलं, शेजारी पद्मश्री आलेली चालते, घरात नक्को का? मामांनी फोन ठेवला. रेंज गेली म्हणे.

हां, विरुद्ध बाजूचा एक दाखलाही पारावर फार चालतो. आर. के. लक्ष्मण! आपल्याच राज्यातला, म्हैसूरचा माणूस, त्याला जेजेनं प्रवेश नाकारला होता. हे खरंच आहे. "बगा, त्याला कॉलेजनं नाकारलं, तरी तो एवढा मोठा झाला. मग कॉलेज कशाला?" असा सिद्धान्त किराणावाल्या अण्णांनी मांडला. मी म्हटलं, अण्णा, तुमच्या पोराला तीन कॉलेजांनी नाकारलंय, तो अजून मोबाइलवरच आहे. आणि लक्ष्मण मोजता तर फडणीसही मोजा. शि. द. फडणीस, १९२५ सालचा जन्म, गाव भोज, जिल्हा बेळगाव, म्हणजे आपल्यासारखंच सीमेवरचं. ते जेजेत शिकले. दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठं बघून हसला नाही असा मराठी वाचक नसेल, आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकातही त्यांनी अशी चित्रं काढली की गणिताच्या तासाला पोरं हसायला लागली. माझ्या दुकानातल्या कंप्युटरवर तुमचे मराठी अर्ज टाइप होतात तो 'मंगल' फॉन्टसुद्धा कोल्हापूरच्या र. कृ. जोशींनी केलेला आहे. अक्षर आकाशातनं पडत नसतं, कुणीतरी बसून काढतं.

एवढं होईस्तोवर एआयचं भूत आलंच. २०२५च्या मार्चमध्ये ते 'जिबली'चं पेव फुटलं होतं, आठवतंय ना? आमच्या गावात पंचायत सदस्य, त्यांची बुलेट आणि त्यांची म्हैस, तिघंही जपानी सिनेमातल्यासारखे गुलाबी गालाचे होऊन स्टेटसला आले. तेव्हापासून ज्याला त्याला वाटतं की चित्र काढणं संपलं. "मशीन काढतंय की फुकटात, चार वर्षं कशाला घालवायची?" मी त्या सदस्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका मशीनला करायला लावली. गणपतीला सोंड दोन आणि मराठी मजकुरात एकही अक्षर अक्षरासारखं नाही. बसवकल्याणच्या फ्लेक्सवाल्याकडंच जावं लागलं. पुढं मशीन सुधारेल, नाही असं नाही. पण पत्रिकेत मुलीच्या मामाचं नाव कुठं घातलं तर भांडण होत नाही, ते त्याला कळायला वेळ आहे.

आता कॉलेजांचं. इथं मात्र थोडं सबुरीनं ऐका, कारण लोक इथंच फसतात.

पोरांनी कॉलेज निवडलं ते रीलवर. एका कॉलेजात बसायला खुर्च्या नाहीत, शेंगदाण्याच्या पोत्यासारख्या मऊ गाद्या आहेत, म्हणून ते चांगलं. एकाच्या कँटीनमध्ये पास्ता मिळतो. एकाच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे. एकाचं नाव तर सरकारी संस्थेच्या नावाशी इतकं जुळतं की एका बापानं मला ठासून सांगितलं, "हे तेच आहे." तेच नव्हतं. एनआयडी म्हणजे १९६१ची अहमदाबादची राष्ट्रीय संस्था. नावात एन, आय आणि डी ही अक्षरं कशीही मागंपुढं घातली म्हणून एनआयडी होत नाही, जसं 'कोहिनूर' नाव आहे म्हणून आमच्या विहिरीत हिरा सापडत नाही. आणि "बेंगळुरूला एनआयडी आहे की, जवळच" म्हणणाऱ्यांनी बघून घ्यावं, तिथं बारावीनंतरची बी.डेस. नाही, पदवीनंतरचं शिक्षण आहे.

अप्पा शेवटी वैतागून म्हणाले, "एक तरी कॉलेज डोळ्यानं बघू." मीही गेले, फॉर्म भरणारी म्हणून. मोठं शहर, काचेची इमारत. नाव सांगणार नाही. आत एसी इतका की अप्पांनी टोपी कानावर ओढली. सूटमधल्या पोरानं आम्हाला पडद्यावर फिल्म दाखवली. हसणारी पोरं, उडणारे ड्रोन, '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. मी म्हटलं, असिस्टन्स शंभर टक्के, पण प्लेसमेंट किती? तो म्हणाला, "मॅम, इंडस्ट्री एक्स्पोजर खूप आहे."

अप्पा चाळीस वर्षं आडत करायलेत. शेतकरी पोतं आणतो, पोत्यावर कुठल्या कंपनीचा छाप आहे ते अप्पा बघत नाहीत. परखी खुपसतात, मूठभर सोयाबीन तळहातावर घेतात, फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली धरतात. ओल किती, माती किती, डागी दाणा किती. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, म्हणून परखी पोत्याच्या पोटात घालायची. तर अप्पा सूटवाल्याला म्हणाले, "दुसऱ्या वर्षाच्या पोरांचं काम दाखवा."

त्यानं भिंतीवरच्या फ्रेमा दाखवल्या. काय सुंदर होत्या!

"हे नक्को. हे वरचं झालं. पहिल्या नंबराचं नको, शेवटच्याचंही नको. मधल्या पोराचं दाखवा. गेल्या महिन्यातलं."

पोरगं आत गेलं. पंधरा मिनिटांनी आलं, म्हणालं सबमिशन स्टोअरला आहे आणि स्टोअरची चावी सरांकडं आहे. सर कोण? सर व्हिजिटिंग. कधी येतात? आठवड्यातनं एकदा. मग धाकटीनं विचारलं, स्केचिंगला बाहेर कधी नेता, बाजारात, स्टेशनवर? तर म्हणे सेकंड इयरपासून सगळं टॅबलेटवर, आणि टॅबलेट फीमध्ये नाही. पोरीनं लायब्ररी बघायची म्हटलं. लायब्ररीला कुलूप होतं, पण बाहेरच्या भिंतीवर पुस्तकांचं मोठं चित्र होतं. अप्पा उठले. "ओल जास्त आहे," एवढंच बोलले आणि बस गाठली.

दुसऱ्या आठवड्यात बापलेक कलबुर्गीला गेले. तिथं आयडियल फाइन आर्ट आहे, एमएमके कॉलेज आहे, गावात कुणी नावसुद्धा घेत नव्हतं, कारण तिकीट कमी लागतं. जवळचं ते कुठं चांगलं असतं का? पोरगी परत आली ती हाताला कोळशाचे डाग घेऊन. एका पोरानं बसवून तिच्याकडनं स्केच काढून घेतलं होतं.

आणि खरी गंमत ऐका. हुमनाबादला जाऊन हैदराबादच्या रस्त्याला लागलं की जहिराबाद ओलांडून पुढं संगारेड्डीजवळ कंदी लागतं. तिथं हायवेलाच आयआयटी हैदराबाद. तिथं बी.डेस. आहे, प्रवेश त्याच 'यूसीड'वरनं. आमची निम्मी गावं याच रस्त्यानं हैदराबादला कपडे आणायला जातात, त्या कमानीसमोर डबा उघडून भाकरी खातात, आणि पोराला डिझाइन शिकवायचं म्हटलं की डोळे मुंबईकडं लावतात.

मुंबईचा मान आहेच हो. जेजे १८५७चं आहे. तिथल्या आवारात रुडयार्ड किपलिंग जन्मला, कारण त्याचा बाप तिथं शिकवायचा. कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ सालचा, आणि १९६१ला उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली. पण २०२३ला जेजे अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा "आमच्या दादाच्या वेळी असं होतं" हा सल्ला आता रद्दीत घाला आणि त्या त्या वर्षीची पुस्तिका वाचा. महाराष्ट्रात नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी कला महाविद्यालयं आहेत, ती सीईटी देऊन मिळतात. एएसी सीईटी. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. इकडं बेंगळुरूला चित्रकला परिषद आहे, म्हैसूरला कावा नावाचं कला महाविद्यालय आहे. आमच्या भागातल्या लोकांनी आरक्षणाचा ३७१ जेचा दाखला काढून ठेवावा, कुठं कामाला येईल सांगता येत नाही.

महाराष्ट्रात जायचं तर आणखी एक रकाना आहे, विवादित सीमाभागातल्या मराठी भाषक उमेदवारांचा. झालं! महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यावरनं माझ्या काउंटरवर रोज लोकसभा भरते. सुप्रीम कोर्टात २००४पासून दावा पडून आहे, माझ्याकडं तो रोज सकाळी दहाला सुनावणीला येतो. एक जण म्हणतो आपण कर्नाटकाचे, दाखला घेतला तर इकडची सवलत जाईल. दुसरा म्हणतो मराठी शाळेत शिकलो ते काय उगीच? मी सांगते, बाबांनो, आधी आपलं गाव यादीत आहे का ते बघा आणि मग भांडा. पण यादी कुणी मागत नाही. यादी बघितली की भांडण संपतं ना.

आता तुम्ही विचाराल, पोरीची सीईटी? तिचा फॉर्म भरायची तारीख तर निकालाच्या किती आधी गेली असेल.

हळू बोला. तो फॉर्म मीच भरला. थंडीत. रात्री दुकान बंद करताना आली, फोटो घेऊन, सही घेऊन, साठवलेले पैसे रुमालात बांधून. मी शटर अर्धं ओढलं आणि भरला. परीक्षेच्या दिवशी ती घरी उमरग्याच्या मैत्रिणीकडं हळदीला जायलेय असं सांगून गेली. हळदीला कुणी सहा पेन्सिली नेतं का? पण अप्पांनी विचारलं नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं की काय, असा मला आता संशय आहे. दोन्ही ड्रॉइंग ग्रेड परीक्षा, लोअर आणि हायर, तिनं शाळेतच दिल्या होत्या. त्यांचे दाखलेही झेरॉक्सला माझ्याकडंच आले होते. तिच्या आईला वाटलं ते कराटेचे आहेत.

त्या सहा पेन्सिलींत एक पिवळी होती, परदेशी, सोन्याच्या अक्षरांची. पोरगी मला म्हणाली, "मावशी, वाच." मी वाचलं, कोह-इ-नूर. हार्टमुथ कंपनीनं हिऱ्याचं नाव देऊन १८८९ला पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली पेन्सिल, अजून निघते. तिच्या म्हणण्यानं आपल्या गावाचं नाव जगभरच्या चित्रकारांच्या हातात आहे आणि गावालाच पत्ता नाही. मुंबईत कोहिनूरहून आले म्हटलं की लोक दादरचा क्लास समजतात, आणि इथं पेन्सिल दाखवली तर काकू म्हणाल्या, "एवढ्या महागाची? हिच्यात कानातलं आलं असतं."

सध्याची स्थिती अशी. सीईटीत तिला बरे गुण आहेत. पहिला पर्याय संभाजीनगर, दुसरा नागपूर, आणि दोन्ही हुकलं तर कलबुर्गी. यादी लागायची आहे. आजी म्हणते, संभाजीनगर नको, तिथं उन्हाळा फार. बिदरचे मामा अजून बोलत नाहीत. तो इच्छुक उमेदवार मात्र परवा येऊन विचारून गेला की पोरगी चित्रं काढते तर आपल्या प्रचाराची पत्रकं करील का. पैसे नंतर देईन म्हणाला. म्हणजे धंदा सुरू झाला म्हणायचा.

आणि डोळे काढणाऱ्या पोराला मी रोज दुकानात बसवते. गिऱ्हाइकांची नाकं काढ म्हणते. बघणाऱ्यांची गर्दी वाढलीय, झेरॉक्सही वाढल्यात.

तर पुढच्या वर्षीच्या आईबापांनो, निकालाची वाट बघत बसू नका. 'यूसीड'चे फॉर्म ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत असते, आणि तुमच्याकडं पेढे वाटले जातात एप्रिल-मेमध्ये. फोटो पांढऱ्या पडद्यासमोर काढा, सही काळ्या पेननं करा, दाखल्यातलं स्पेलिंग आत्ताच बघा. दुकान सकाळी नऊला उघडतं. येताना त्या पेपरचे सहा रुपये आणा.